भेंडीच्या झाडावरची मच्छरदाणी

वैनी, आज सकाळी दादा वावरातली मच्छरदाणी काढायला निघाला आणि मी त्याच्यावर ओरडलो.

काल तुझी तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडव उतरला, बाहेरच्या सपरीतली तुझी बाज धुऊन भिंतीला उभी केली. आता तुझं म्हणावं असं उघड्यावर एकच उरलंय, भेंडीच्या ओळीतल्या त्या रोगट झाडावर टाकलेली जुनी निळी मच्छरदाणी. दादा म्हणाला, "रस्त्यानं जानारे हासून राह्यले गा. भेंडीले मच्छर चावते काय म्हंतात." मी म्हटलं, "हासू दे. हात नको लावू तिले." मोठ्या भावावर ओरडायची माझी ही काही पहिली वेळ नाही, पण आज तो उलट बोलला नाही. बांधावर बसला आणि खाली पाहत मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून तुला एक विचारायचं आहे. पण मला सरळ विचारता कुठं येतं? मास्तर माणूस. आधी प्रस्तावना लागते मला, हे तुझंच म्हणणं.

तू या घरात आलीस तेव्हा मी सहावीत होतो. आई आदल्या वर्षी गेली होती. घरात बाबा, दादा आणि मी, तिघंही भाकरी करपवणारे. तू पहिल्याच दिवशी दारात येऊन विचारलंस, "भाऊजी, तुमी जेवले काय?" मी मागं वळून पाहिलं, कोण भाऊजी आला म्हणून. हाफपँट, एक गुडघा फुटलेला, आणि मला तुमी! पुढं तू मला कान धरून न्हाव्याकडं नेलंस, गणिताच्या पेपराआधी दही खाऊ घातलंस, एकदा बोरीच्या फोकानं मारलंस सुद्धा, पण तुमी म्हणणं काही सोडलं नाहीस. "भाऊजी, पाठ करा इकडं," म्हणून मारलंस. मी मात्र पहिल्यापासून तुला तूच म्हणत आलो. आईला म्हणतात तसं. हे कधी बोलून दाखवलं नाही. तुला कळत असेल असं धरून चाललो.

मग मी हिंगणघाटला विज्ञानाचा मास्तर झालो. शाळेत शुद्ध बोलायचो, आणि शनिवारी बसमधून पवनारला उतरलो की जीभ आपोआप घरची व्हायची. तू आंगणात उद्याच्या बाजाराची मेथी घेऊन बसलेली असायचीस. मी तुला कृष्णविवर सांगितलं, रक्तगट सांगितले, चंद्रावर पाणी कसं सापडलं ते सांगितलं. तू सगळं मन लावून ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "भाषण झालं असन तं जुड्या बांधा." मी बांधायचो. माझ्या जुड्या सैल होतात म्हणून तू त्या परत सोडायचीस, मी पाहत नाही असं वाटलं की.

या हिवाळ्यात तुझा खोकला हटेना. अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं, गावच्या डॉक्टरची दोन औषधं झाली. शेवटी सेवाग्रामला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि एक दिवस तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आपल्या तिघांना बसवून सांगितलं की फुप्फुसाचा कॅन्सर आहे, आणि पुढं गेलेला आहे. दादा जमिनीकडं पाहत राहिला. तू रडली नाहीस. तू एकदम म्हणालीस, "बाई, म्या तं कधी बिडी वढली नाई."

त्या म्हणाल्या, न ओढणाऱ्यांनाही होतो. चुलीचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर तेही कारण असू शकतं. आणखीही कारणं असतात, काही अजून नीट कळलेली नाहीत. मीच मधे तोंड घातलं, कुठंतरी वाचलं होतं म्हणून, की व्हायरसचा काही संबंध असतो का. त्या म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या व्हायरसमुळं होतो, त्याचे अंश काही ठिकाणी फुप्फुसाच्या गाठीतही सापडलेत, काही ठिकाणी शोधूनही सापडले नाहीत. सापडले तरी त्यानंच गाठ केली की तो नुसता तिथं होता, हे अजून कोणी ठामपणे सांगू शकत नाही. मग तुझ्याकडं वळून त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं, "पण मावशी, हा आजार तुमच्यापासून दुसऱ्या कोणाला लागत नाही." तू मान हलवलीस. मला वाटलं, ऐकलं.

येताना ऑटोत तू माझ्यावरच उखडलीस. "चुलीले नाव ठेवाचं नाई, भाऊजी. त्या चुलीवर तुमी मोठे झाले." त्या धुरातल्या अर्ध्या भाकरी मीच खाल्ल्या होत्या. गॅस आला तरी तू भाकर चुलीवरच करायचीस, कारण मला गॅसवरची आवडत नाही.

मग लोक सुरू झाले. बाजारात तुझ्या बाजूला बसणारी ती वांगेवाली, इतक्या वर्षांची सोबतीण, ती म्हणाली, "दाताले तंबाखूचा गुडाखू लावत असन लपून, नाई तं असं होते काय?" तुझ्या कानावर आलं ते. दादा जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत आला, त्याला कोणी काही विचारत नाही, आणि चौकशी तुझ्या तोंडाची! दादानं त्या दिवशी खिशातली खर्र्याची पुडी नालीत फेकली. परत घेतली नाही त्यानं, एवढं सांगतो. तू मात्र बाजारात जाणं बंद केलंस. दुखण्यानं बंद केलं असतं ते वेगळं. तू लाजून बंद केलंस, आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

म्हणून तर तुला तो व्हायरस आवडला. हो, आवडलाच! भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला तू सांगायला लागलीस, "व्हायरस असते म्हंते त्यात. आपल्या हातचं नाई बाई." सांगताना तुझी मान वर असायची. मी एकदा म्हटलं, "वैनी, ते पक्कं नाई." तू म्हणालीस, "तुमचं पक्कं कव्वा असते?" तुझ्याकडून तो व्हायरस काढून घेतला असता तर लोकांची बोटं तेवढी उरली असती. राहू दे म्हटलं.

पण व्हायरस हा शब्द आपल्या वावरात आधीपासूनच होता, आणि हे मला सुचायला हवं होतं. भेंडीची पानं पिवळी पडली, शिरा उठल्या, की तू म्हणायचीस, व्हायरस आला. आणि आला की तू थांबायची नाहीस. झाड फुलावर असो की फळावर, मुळासकट उपटायचं, बांधापल्याड नेऊन पुरायचं. दादा म्हणायचा, दोन तोडे तर घेऊ दे. तू म्हणायचीस, "एकाले दया केली तं सारी ओळ जाते."

होळी होऊन गेली होती. एका शनिवारी आलो तर तुझी बाज घरातून बाहेर सपरीत. तुझं ताट वेगळं, तुझ्या पेल्याला लाल दोरा बांधलेला. मी ममताकडं पाहिलं. तुझा लेक कामासाठी बाहेरगावी, घरात तीच. सूनबाई आहे, बोलणार तरी काय? तिचे डोळे सुजलेले. "म्या नाई केलं काकाजी. आईनंच केलं," म्हणाली. दिवाळीनंतर झालेला तुझा नातू, अंशू, तिच्या कडेवरून तुझ्याकडं झेपावत होता, आणि तू बाजेवरून लांबूनच टाळ्या वाजवत होतीस. हात पुढं केला नाहीस. नातू व्हावा म्हणून केळझरच्या गणपतीला अनवाणी जाऊन आलेली बाई तू!

मी भडकलो. दुखणाईत माणसावर ओरडू नये, पण ओरडलो. "वैनी, हे काय नाटक लावलं?"

"नाटक कायचं? माह्यात व्हायरस हाये. पोरगं लहान हाये."

"कॅन्सर असा मांडीवर घेतल्यानं लागत नाई. डॉक्टरबाईनं सांगतलं ना तुले?"

"डॉक्टरबाईले भेंडी माहीत हाये काय?"

"तू भेंडी हायेस काय?"

"शंभर टक्के सांगा मंग. नाई लागत म्हून."

आणि वैनी, माझ्यातला मास्तर आडवा आला. मी म्हटलं, "विज्ञानात शंभर टक्के असं कोणी..." पुढचं तू बोलूच दिलं नाहीस. "झालं तुमचं! व्हायरसनं झालं काय, तं माहीत नाई म्हंता. एक माहीत नाई, तं दुसरं कसं माहीत झालं?"

मी हरलो तिथं. इतकी वर्षं पोरांना शिकवतो, पण असा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "हो वैनी, शंभर टक्के. मांडीवर घेतल्यानं नाई लागत." ते खरंही होतं. तू म्हणालीस, "काल नाई होतं, आज कसं झालं?" रात्रीतून माझी किंमत गेली होती. मग मी तुझ्याच वावरातून सुरुवात केली. भेंडीचा व्हायरसही असा शेजारी उभं राहून जात नाही, म्हटलं, त्याला पांढरी माशी लागते. रोगट झाडावर बसलेली माशी चांगल्या झाडावर गेली तर तो जातो. माशी नसेल तर बाजूबाजूची झाडं खुशाल उभी राहतात. तू म्हणालीस, "अन् मानसात माशी कोन?" मी कपाळाला हात लावला. तू खोकत खोकत हसलीस, आणि तुझं ते हसणं फार दिवसांनी ऐकलं म्हणून मीही हसलो.

इकडं अंशूचं उष्टावण जवळ आलं. आपल्या घरची रीत मामाच्या वाटीआधी आजीच्या बोटाची. पहिली खीर आजीनं बोटानं चाटवायची, मग बाकीच्यांनी. तू सांगून टाकलंस, "माह्याशिवाय करा. मामा भरवन." मुहूर्त आला तेव्हा ममता म्हणाली, पोराला सर्दी आहे. पुढचा आला तेव्हा म्हणाली, मामाला सुटी नाही. पोरगं सगळ्यांच्या ताटाकडं पाहून तोंड हलवायला लागलं होतं. तिला मी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "आईच्या बोटाशिवाय नाई करत मी, काकाजी. किती थांबा लागते तं लागो." तुम्हा दोघींमधे मी बापडा काय करणार?

उन्हाळ्याच्या सुटीत मी पवनारलाच येऊन राहिलो. एक दिवस पाहतो तर तू भेंडीच्या ओळीत, काठी टेकून उभी, आणि दादा एका पिवळ्या झाडावर मच्छरदाणी टाकून तिच्या कडा मातीत दाबतोय. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "तुमीच म्हंता ना माशी नाई गेली तं बाजूचं झाड नाई जात? पाहू. बाजूचे दोनी हिरवे राह्यले तं मानतो म्या तुमचं." उपटायचं झाड तू ठेवलंस, वैनी! आयुष्यात पहिल्यांदा.

आता खरं सांगतो, जे तेव्हा सांगितलं नाही. पांढरी माशी इतकी बारीक असते की मच्छरदाणीच्या भोकातून आरामात ये-जा करते. एका झाडावर काही सिद्ध होत नाही. आणि भेंडीवर काही सिद्ध झालं तरी ते माणसाला लागू पडत नाही. वर्गात कोण्या पोरानं हा प्रयोग मांडला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी तोंड उघडलं सुद्धा. मग तुझ्याकडं पाहिलं. पदर डोक्यावर घट्ट, ओठ सुकलेले, आणि नजर त्या दोन शेजारच्या झाडांवर. मी तोंड मिटलं आणि घरी येऊन माठातलं पाणी प्यालो.

रोज सकाळी ममताचा हात धरून तू पाहायला जायचीस. परत आलीस की कोणी काही विचारायचं नाही, तूही सांगायची नाहीस. माझा जीव मात्र टांगणीला. त्या ओळीत व्हायरस पसरत होता, पलीकडं दोन-तीन झाडं गेलेली मी पाहिली होती. ही दोन पिवळी पडली तर बाई मरेपर्यंत पोराला शिवणार नाही, हे मला माहीत होतं. देवाला मी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवसांत भेंडीसाठी हात जोडले मी.

मग ती सकाळ. ममता पोराला न्हाऊ घालत होती म्हणून तुला घेऊन मी गेलो. मच्छरदाणीतलं झाड पार पिवळं झालेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं हिरवीगार. मी आनंदानं ओरडणार होतो. तू काठी माझ्या हातात दिलीस आणि हळूच खाली बसलीस. एका बाजूच्या झाडाच्या बुडाशी हात ठेवलास. तळहातानं माती दाबलीस, सगळीकडून, गोल. मग दुसऱ्या बाजूच्या झाडाची दाबलीस. म्हणालीस, "माती वली हाये." मी म्हटलं, "दादानं पाणी सोडलं असन." तू म्हणालीस, "हव, सोडलं असन." बराच वेळ तशीच बसून राहिलीस. मला वाटलं, दम लागलाय. मग वर पाहिलंस. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू. म्हणालीस, "भाऊजी, आणा त्याले."

मी तिथून धावलो. या वयात, वावरातून, चप्पल हातात घेऊन! अंगावर पाणी असलेलं उघडं पोरगं तसंच टॉवेलात उचललं आणि तुझ्या मांडीवर आणून ठेवलं, त्या ओळीतच. त्यानं आधी तुझी नथ पकडली. तू त्याच्या टाळूला नाक लावून इतका वेळ बसलीस की मला दुसरीकडं पाहावं लागलं.

उष्टावण दुसऱ्याच दिवशी झालं. मुहूर्त नाही, मामाला नुसता फोन गेला. अंशूनं तुझं बोट असं चोखलं की सोडेना. दादा पहिल्यांदा बायकांच्या घोळक्यात उभा राहून पाहत होता. लाल दोऱ्याचा पेला तुझा तूच घासून फळीवर बाकीच्यांत ठेवलास. त्यानंतर जेवढे दिवस तू होतीस, पोरगं तुझ्या बाजेवरच होतं. तुझा श्वास शेवटी शेवटी फार आवाज करायचा, तर ते कान लावून ऐकायचं आणि तसाच आवाज काढायचं. तू त्याला रागवायचीस. "आजीची नक्कल करते काय रे पोट्ट्या!"

आता दादानं सांगितलेलं. ती दोन्ही झाडं पिवळी पडली होती, वैनी. त्या सकाळी उजाडता उजाडता दादा गेला, तर दोन्हींच्या शिरा उठलेल्या. त्यानं ती उपटली, बांधापल्याड पुरली, आणि मेलेल्या झाडांच्या जागी लावायला तू विहिरीमागं पिशव्यांत वाढवून ठेवली होतीस त्यातली तेवढीच उंच दोन त्या जागी लावली. वरून पाणी घातलं. आणि तुला सांगायची हिंमत नव्हती म्हणून घरात येऊन पांघरूण घेऊन पडला. "पोरगं पाह्यजे होतं तिले," एवढंच म्हणाला मला. मग म्हणाला, "पाप झालं काय गा?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघं भाऊ बांधावर बसून रडलो, आणि रस्त्यानं जाणारे पाहत होते.

दादा समजतो की तू फसलीस. मी ते ऐकलं आणि मला तुझा तळहात आठवला. बुडाशी माती अशी गोल दाबतात ती फक्त नव्या लावलेल्या रोपाची. मुरलेल्या झाडाची कोणी दाबत नाही. पिशवीतल्या रोपाचं पान कसं दिसतं ते तुझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत होतं? पिशव्या तूच भरल्या होत्यास.

त्या व्हायरसचं उद्या काय ठरायचं ते ठरो. कोणी शोधून काढतील, खरंच त्यानं केलं की नाही. तेव्हा मी वाचेन, आणि जुड्या बांधायला सांगणारं कोणी नसेल. तो वाद आपला अर्धाच राहिला, राहू दे. मच्छरदाणी मी काढू दिली नाही. ती दोन रोपं आता फळावर आली आहेत, आज ममतानं त्यांचीच भाजी केली, आणि अंशूला भातात कालवून भरवली.

पण हे एक सांग वैनी. ती माती तू दाबलीस, वर पाहिलंस आणि "आणा त्याले" म्हणालीस, तेव्हा तुला सगळं कळलं होतं ना? दादानं काय केलं ते, आणि का केलं ते?

शंभर टक्के सांग.